लिहून घेणाऱ्याचे नाव

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारीला पहिले प्रवचन झाले, १९ जूनला अठरावे. समोर सत्याग्रही कैदी बसलेले असत, आणि त्यांच्यातच साने गुरुजी, कानावर पडेल ते भराभर कागदावर उतरवून घेत. विनोबांनी हे लिहून काढले नव्हते. गुरुजींनी ते धरून ठेवले म्हणून 'गीताप्रवचने' आपल्या हाती आहे.

आमच्या मालेगावहून धुळे आग्रा रोडने तासाभराच्या वाटेवर. तरीही मी ज्या वाचनालयात काम करते तिथल्या जुन्या दाखल नोंदवहीत या पुस्तकापुढे 'लेखक : विनोबा भावे' एवढेच आहे. आता नोंदी संगणकावर चढवताना प्रत्येक नावाला भूमिका जोडता येते: लेखक, अनुवादक, संपादक, लेखनिक. मी गुरुजींचे नाव घातले, तर वाचकाच्या पडद्यावर नुसती दोन नावे शेजारी शेजारी आली. भूमिका आत नोंदलेली, बाहेर दिसेना. हेही मला खोटेच वाटले. गुरुजींना विनोबांचे सहलेखक ठरवणे हा त्यांचा मान नव्हे.

वाचनालयात रोज येणारे एक वारकरी काका म्हणाले, "ताई, गीताच सांगते ना, कर्तेपण सोडा म्हणून? गुरुजींना नाव हवं असतं तर त्यांनी तसं केलं असतं. तुम्ही कशाला त्यांच्या त्यागात लुडबूड करता?"

हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवला, कारण तो हलका नाही. पण त्याच गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि दैव. जो एकट्या स्वतःला कर्ता मानतो त्याला नीट दिसतच नाही, असे लगेच पुढे म्हटले आहे. मग नोंदीत एकच नाव ठेवणे गीतेला धरून कसे होईल? 'मी केले' हा अभिमान ज्याचा त्याने सोडायचा. दुसऱ्याने केलेले पुसून टाकण्याची मुभा त्यातून मला मिळत नाही. त्याग गुरुजींचा आहे, तो त्यांच्या वतीने मी करू शकत नाही.

आपल्या परंपरेनेही तसे केलेले नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हे साल आहे, टीका ज्ञानेश्वरांनी केली असे आहे, आणि ती सच्चिदानंदबाबांनी आदराने लिहून घेतली असेही आहे. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रत शुद्ध केली. त्यांनीही शेवटी साल, नाव आणि आपण नेमके काय केले ते ओव्यांत नोंदवले. 'मी रचली' असे ते म्हणत नाहीत, 'शुद्ध केली' म्हणतात. इतकी चोख नोंद मला एरवी क्वचित सापडते. ग्रंथ ज्ञानेश्वरांचे गुरू निवृत्तिनाथ यांच्या कृपेचा मानणाऱ्यांच्याच परंपरेत ही नोंद आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

आमच्या गावात हा विचार दुसऱ्या बाजूनेही येतो. उर्दू विभागात बसणारे एक निवृत्त शिक्षक मला हदीसची, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची, रीत समजावून सांगत होते. मूळ वचनाआधी सांगणाऱ्यांची साखळी यायलाच हवी, अमुकाने अमुकाकडून ऐकले, त्याने अमुकाकडून. तिला सनद म्हणतात. साखळीतला एक माणूस गळाला की वचन कमजोर ठरते. सांगणाऱ्यांच्या सचोटीची आणि स्मरणशक्तीची चौकशी करणारे ग्रंथ वेगळे आहेत. तिथे नाव घेणे हा अहंकार मानत नाहीत, वचन खरे ठेवण्याची ती जबाबदारी आहे. ते ऐकल्यावर माझ्या कामाकडे मी अधिक गंभीरपणे पाहू लागले.

धर्मग्रंथाला मानवी लेखक लावायचा नाही, नोंद ग्रंथाच्या नावाखाली करायची, असा तालिकीकरणाचा नियम आहे. तो मला मान्य आहे. पण वाचकाच्या हाती येणारी प्रत कुणीतरी जुळवलेली, शोधलेली, उलगडलेली असते, आणि ते कोणी केले हे त्याला कळायला हवे. एकनाथांच्या आधीची म्हणून वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली ज्ञानेश्वरी आणि सोनोपंत दांडेकरांची ज्ञानेश्वरी यांच्या पाठांत फरक आहेत. 'ज्ञानेश्वर' एवढेच नाव दिसले तर कपाटातली दोन पुस्तके एकच वाटतात.

सध्या भूमिका बाहेर दिसतील अशी मांडणी करून घेतली आहे. आता कुणी ज्ञानेश्वरी मागितली की मी विचारते, "कुणी संपादलेली देऊ?" बरेच जण थांबतात, मग दोन्ही प्रती टेबलावर ठेवून घेतात आणि पहिल्या अध्यायापासून ओव्या जुळवू लागतात.