मिरच्या खुडायला बस

रनाळे, ता. नंदुरबार

चि. भाचीबाईस,


भूमिका मिळाल्याचं कळलं, पेढे वाटले. पण ज्या बाईंवर नाटक आहे त्यांचं 'निरीक्षण' करायला चार दिवस येतेस म्हणालीस, तेव्हापासून मन खातंय. त्या घर सोडून गेल्या त्याला चाळीस वर्षं झाली. गावानं ते पोटभर चघळलं. मीही त्यातलाच, कशाला लपवू?

तू सांगितलेला टॉड हेन्सचा 'मे डिसेंबर' सिनेमा पाहिला. त्यातली नटी बदनाम बाईच्या घरात शिरते, तिचा बोबडा उच्चार उचलते, तिच्याच हातून मेकअप करून घेते, तिच्या नवऱ्यालाही सोडत नाही. शेवटी शूटिंगला काय, तर हातात साप घेऊन तेच भडक दृश्य पुन्हा पुन्हा! मला तर हसूच आलं.

त्याउलट आपल्या शिरपूरच्या घराण्यातली स्मिता पाटील आठव. 1977 साली श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'त ती अभिनेत्री हंसा वाडकरांचं आयुष्य जगली, तेव्हा विशीतच होती. हंसाबाई तोवर गेलेल्या. चालायच्या कशा, रागावायच्या कशा, हे दाखवायला त्या नव्हत्या. होतं ते 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन, 'माणूस' नियतकालिकासाठी अरुण साधूंना त्यांनी स्वतः सांगितलेलं. दारू, नवरा, परपुरुष, सगळं आहे त्यात. पण काय सांगायचं नि काय गाळायचं, हे बाईंनी ठरवलं होतं. सिनेमातल्या उषाला, म्हणजे स्मिताला, ज्याच्याकडे राहायला गेली त्या काळेच्या वाड्यातून सुटायला ज्याला सोडून आली त्या नवऱ्यालाच बोलवावं लागतं. तिथे स्मिताचा चेहरा बघ. लफडं कुठल्या कुठे राहतं. राष्ट्रीय पुरस्कार काही उगाच नाही मिळाला.

आपल्या बाईंनी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. तेव्हा आधी नाटकाचं त्यांच्या कानावर घाल. नको म्हणाल्या तर तुझ्या दिग्दर्शकाला तसं कळवायचं, मग तो रागावो. हो म्हणाल्या तरी 'का गेलात' विचारू नकोस. सध्या त्या मिरच्या वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जातात. शेजारी बस, फोन घरी ठेव. खुडताना त्यांची बोटं बघत राहिलीस तरी पुष्कळ.

आणि बसण्याआधी हाताला गोडंतेल चोळ. पहिल्या दिवशी आग होते, डोळ्याला हात लावू नकोस.

तुझा,
मामा