भोग त्याचे, कर्तव्य आपले

गाणगापुरी आरतीच्या वेळी आक्रोश करणारी, अंगात आल्यासारखी घुमणारी माणसे पुष्कळांनी पाहिली असतील. त्यांना धरून मागे उभी असलेली आई मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. मनाचा आजार होतो एकाला, पण लोकांचे येणे-जाणे तुटते सगळ्या घराचे. आपण म्हणतो, ‘प्रारब्धाचे भोग, दुसरं काय!’

पण दुसऱ्याचे प्रारब्ध सांगणारे आपण कोण? शेजारी तापाने फणफणला तर आपण पेज घेऊन जातोच ना? तिथे प्रारब्ध आड येत नाही. स्वतःचे दुःख सोसताना प्रारब्ध म्हणणे हे धैर्य. दुसऱ्याच्या दुःखाला तेच म्हणून दार लावणे ही पळवाट. भोग त्याचे असतील, पण त्याच्याकडे जाणे-न जाणे हे कर्म आपलेच आहे.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून एकमेकांचे ऐकतात. आपल्या भक्तमंडळालाही एवढे जमेल. गुरुवारी आरतीनंतर दोघांनी अशा घरी तासभर बसावे, आईला बाजारहाट करू द्यावा. ‘याला झालंय तरी काय?’ याऐवजी ‘जेवलास का रे?’ एवढेच विचारावे. अंगारा जरूर लावा, पण डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगू नका. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी मोफत दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो, तो क्रमांक त्या घरी लिहून द्या.

महाराज कोणत्या रूपात भेटतील सांगता येत नाही, असे आपणच म्हणतो. मग त्या घराला वगळून कसे चालेल?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥