लोडावरची विश्रांती

थंडी सुरू झाली की गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या हरमल, मांद्रे, आश्वे या किनाऱ्यांवर देशोदेशीची माणसं योग शिकायला येतात. तिथल्या एका योगवर्गात घाम गाळायचा नसतो, फक्त पडून राहायचं असतं. पाठीखाली लोड, गुडघ्यांखाली गुंडाळलेलं कांबळं, डोळ्यांवर कापडाची घडी. एकेका आसनात दहा-दहा मिनिटं. याला म्हणतात विश्रांतियोग.

परदेशातून आलेला वाटला, तरी याचं मूळ जवळच, पुण्यात आहे. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात आले. आजारी, दुखऱ्या शरीरालाही आसन जमावं म्हणून त्यांनी लोड, दोर, खुर्ची, विटा हाताशी घेतल्या. शरीराला आधार मिळाला की स्नायूंना ताणून धरावं लागत नाही. श्वास आपोआप लांबतो, मन निवतं. शवासनाने थकवा जातो, हे तर हठयोगप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथानेही सांगून ठेवलं आहे.

डिचोलीच्या बाजारात दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला यासाठी किनारा गाठायची गरज नाही. घरातली गोधडी घडी करून गुडघ्यांखाली घ्यावी, पंखा मंद करावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. पाठीचं दुखणं असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आपण झोपतो रोज, पण विसावतो क्वचित. आज संध्याकाळी दहा मिनिटं स्वतःला जमिनीच्या हवाली करून पाहा.