समदृष्टी आणि समान वागणूक
सागरातील मांटा हा महाकाय पाकट मासा पंख पसरता ७ मीटरांपर्यंत रुंद भरतो. गोड्या पाण्यातील पॅरामेशियम हा एकपेशीय जीव जेमतेम पाव मिलिमीटरचा. परंतु देहात शिरणारे पाणी अखंड बाहेर टाकीत तोही आपले जीवित राखतोच. मग यांत श्रेष्ठ कोण? हा प्रश्नच आम्हांस गैर वाटतो. मात्र पॅरामेशियम अनुकूल स्थितीत दिवसभरात दुभंगून दोन होते. मांटाची मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते, तेही वर्षावर्षांच्या अंतराने. कल्ल्यांच्या व्यापारापायी मारलेल्या मांटाची उणीव सहज भरत नाही. २०२० मध्ये त्याची गणना संकटग्रस्तांत झाली. समदृष्टी म्हणजे समान वागणूक नव्हे. ज्याची हानी भरून निघणे कठीण, त्याचे रक्षण हे आपले पहिले कर्तव्य होय.