कंदिलावरचा पोचा

अजमानच्या आमच्या घरात बटण दाबलं की लख्ख उजेड पडतो. तरीही गेली काही वर्षं मला जुने कंदील जमवण्याचा छंद जडला आहे. इथल्या खाऱ्या, दमट हवेत पत्रा लवकर गंजतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी गॅलरीत माझी घासपूस चालू असते. एकदा शेजारचे अरब गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "किंदील!" मला गंमत वाटली. आपला 'कंदील' हा शब्द मुळात अरबीतूनच तर आला आहे.

संग्रहातला सर्वांत जिव्हाळ्याचा कंदील म्हणजे आमच्या गावच्या घरातला 'प्रभाकर'. जुन्या मंडळींना हे नाव सांगायला नको. स्वदेशीच्या चळवळीत लोकांनी दिलेल्या पैशापैशातून तळेगावला १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. पुढे १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ आपला कारखाना काढला. त्यांचा 'प्रभाकर' घरोघरी पोहोचला आणि कारखान्याभोवतीच्या वस्तीला ओगलेवाडी हेच नाव पडलं.

हा कंदील मी टाकी कोरडी करून सामानातून इथे आणला. गळती होती तिथे डाग देऊन घेतला. वात, बर्नर, काच बदलली. गंज खरवडला, टाकीवरचा पोचा ठोकून सरळ केला आणि वर हिरवा रंग चढवला. कंदील अगदी नवा दिसू लागला. त्या हिवाळ्यात आई इथे आली होती. तिला मोठ्या हौसेने दाखवला.

"छान आहे. कितीला घेतलास?"

"अगं, आपलाच आहे हा!"

तिने टाकीवरून हात फिरवला. "आपल्या कंदिलाला पोचा होता. तू झालास त्या रात्री आजोबा पावसात सुईणीला आणायला निघाले आणि ओढ्याच्या चिखलात घसरले. तेव्हाचा तो."

मी गप्प झालो. नेमकं काय दुरुस्त केलं होतं मी?

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? ती तीच नसते आणि वेगळीही नसते. वात आणि तेल संपण्यासाठीच असतात. ती बदलल्याने कंदील परका होत नाही. गळकी टाकीही दुरुस्त करायलाच हवी, नाहीतर त्याचं काम अडतं. पण पोच्यामुळे उजेड कुठे अडत होता? तो फक्त माझ्या नजरेला खुपत होता.

मी हळहळलो, तेव्हा आई हसली. "कंदिलाचं कौतुक तुला. त्याची काजळी रोज राखेने मी पुसली. धुराने डोळे माझे चुरचुरले."

तेही खरंच. परदेशात मुलांना गावच्या गोष्टी सांगताना आपण असंच करतो का? अंगण, चांदणं, कंदिलाचा मंद उजेड एवढंच ठेवतो आणि काजळी, चिखल, काळजी घासून टाकतो. मग ते गाव सुंदर दिसतं, पण ज्यांनी ते भोगलं त्यांनाच ओळखू येत नाही.

आता मुद्दाम पोचा पाडणं म्हणजे नाटक होईल. म्हणून मुलांनी कंदील हातात घेतला की मी ती गोष्ट सांगतो, ओढ्यातल्या चिखलासकट.