खाडा

पाथर्डी, शेवगाव, आष्टी, पाटोदा या भागात दसरा उलटला की गावं रिकामी व्हायला लागतात. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर सांगली-कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत नाव असलेली काही पोरं. जाणाऱ्यांची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी असेल तर अर्धा. मुकादम हंगामाआधीच उचल देतो, ती ऊस तोडून फेडायची, आणि ज्या दिवशी काम झालं नाही त्या दिवसाचा खाडा धरायचा. त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर दंड. तापाचा दिवस, बाळंतपणाचा दिवस, पाळीच्या दुखण्याचा दिवस, सगळे खाड्यातच. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न गाजला आणि सरकारने चौकशी समिती नेमली. तेव्हा बायका जी कारणं सांगत होत्या, त्यांत हा खाडाही होता.

ही गोष्ट पाथर्डीकडच्या एका मुकादमाची. तो ख्रिस्ती होता, आणि मनापासून होता. दारू नाही, तंबाखू नाही. हंगामात कारखान्यावर असला तरी नाताळच्या आदल्या रात्री एसटीने गावी यायचा, पेटीवर नारायण वामन टिळकांची भजनं म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फडावर निघायचा. मंडळीच्या पंचांत तो होता. देवळाचे पत्रे गळत होते. ते काढून नवं छप्पर घालायचा सगळा खर्च मी करतो, असा शब्द त्याने पाळकसाहेबांना दिला होता, आणि पुनरुत्थानाच्या सणाला तो मंडळीपुढे जाहीर व्हायचा होता.

त्याच्या पणजोबांच्या वेळी घरात अक्षर नव्हतं. गावाची पडेल ती कामं करायची आणि बलुत्याची वाट बघायची. देणाऱ्याची मर्जी असेल तर मिळायचं, नसेल तर नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 साली आलं, पुढे त्याच्या शाळा खेड्यांपर्यंत गेल्या, आणि अशाच एका शाळेत या घराला पाटी-पेन्सिल मिळाली. मुकादमाची आई नगरला मिशनच्या वसतिगृहात राहून सातवीपर्यंत शिकली होती. संध्याकाळची घरची प्रार्थना तीच चालवायची. मुलाची हिशोबाची वही मात्र तिने कधी हातात घेतली नव्हती.

त्या वर्षी दुःखसहनाच्या आठवड्याच्या तोंडावर कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. मुकादम घरी आला आणि हिशोबाला बसला. कोणाची उचल फिटली, कोणाकडे बाकी निघते, कोणाची पुढल्या हंगामावर ओढायची, हे सगळं त्याला सणाआधी उरकायचं होतं. बाकी असलेला कोयता दुसऱ्या मुकादमाकडे सहजी जाऊ शकत नाही. म्हणून प्रत्येकाकडे थोडी बाकी राहिलेली मुकादमाला बरीच वाटते. संध्याकाळी प्रार्थनेला बसायची वेळ झाली तेव्हा वही कॉटवर उघडीच पडली होती.

आईने लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय काढला. यरीहोचा मुख्य जकातदार, अंगाने बुटका, येशूला बघायला उंबरावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरला, आणि जक्कय सगळ्यांसमोर उभा राहून बोलला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. मुकादमाने तो भाग वाचला. तो त्याला लहानपणापासून पाठ होता. रविवारच्या शाळेच्या नाटुकल्यात जक्कयचं काम त्यानेच केलं होतं.

वाचून झाल्यावर आई म्हणाली, "आता ती वाच."

"कोणती?"

"कॉटवरची."

"आई, ती हिशोबाची वही आहे."

"जक्कयापाशीपण असंल की अशीच. वाच."

त्याने वही घेतली. "नंबर 4, तीन खाडे. नंबर 7, अकरा खाडे. नंबर 9..."

"थांब. सात नंबरवाल्यांचं नाव काय?"

त्याला नवऱ्याचं नाव आठवलं. बायकोचं आठवेना.

"अकरा दिवस काय करत होते?"

"बाळंत झाली ती. फडातच. मग नवरापण कोपीवर थांबला."

"मग कुठं जावं त्यानं?"

मुकादम चिडला. "तुला यातलं कळत नाही. मी काय घरचे पैसे वाटतो का? मीपण कारखान्याकडून उचल घेतलीय, माझ्या सह्या आहेत त्यावर. त्या साली एक कोयता उचल घेऊन पळाला, तेव्हा गाडी विकून मी भरली होती. कोणी आलं होतं का विचारायला? सगळेच मुकादम खाडा धरतात. मी एकट्यानं सोडला तर टोळी उभी राहायची नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मुकादमीची साखळी अशीच आहे: कारखाना मुकादमाला बांधतो, मुकादम कोयत्याला, आणि कोयत्याच्या खाली बांधायला कोणी उरत नाही. जो माणूस रोज या साखळीत अडकलेला आहे त्याला वाईट माणूस म्हणून मोकळं होणं बाकीच्यांना सोपं जातं. मी तसं म्हणणार नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "पळाला तो वेगळाच. त्याचे पैसे तू या बाळंतिणीकडून वसूल केलेस का?"

मुकादम त्या रात्री जेवला नाही. त्याने ट्रंकेतून मागच्या वर्षांच्या वह्या काढल्या आणि दिव्याखाली बसून खाडे एका कागदावर उतरवत गेला. चालढकल करून घेतलेली सुट्टी कोणती आणि दुखण्याची कोणती, हे त्याला प्रत्येक नोंदीला आठवत होतं. आठवत होतं याचाच त्याला जास्त त्रास झाला. नुसते आकडे असते तर झोप लागली असती. बेरीज झाली ती छपराच्या खर्चाच्या जवळपास गेली.

उत्तम शुक्रवारी त्याने सकाळची उपासना केली आणि दुपारपासून वाड्या-वस्त्यांवर फिरायला लागला. सात नंबरच्या दारात पोचला तेव्हा मुकादम आलेला बघून नवरा मागच्या बाजूने निघून गेला. बायको मूल काखेला घेऊन दारात उभी राहिली. तिला वाटलं, बाकी मागायला आला. बाकी नाही, उलट तुमचेच पैसे माझ्याकडे निघतात, असं त्याने सांगितलं तरी तिने हात पुढे केला नाही. "पुढल्या साली यायचंच म्हणून देताय का?" तिने विचारलं. नाही म्हणाला. "मग कशापायी?" त्याला काही सांगता आलं नाही. त्याने पैसे उंबऱ्यावर ठेवले, आणि जाता जाता तिचं नाव विचारून घेतलं.

आभार कोणी मानले नाहीत. एक म्हातारा तर तोंडावर बोलला, "पोराला दवाखान्यात न्यायला मागितले तेव्हा पाहिजे होते." त्या दोन दिवसांत काही घरं बंद सापडली, एक कुटुंब मुंबईला बांधकामावर गेलं होतं, त्यांचे राहिले. चौपट तर कोणालाच देता आलं नाही, जेवढं घेतलं तेवढंच फिरलं. शुभवर्तमानात जक्कयची गोष्ट त्याच्या घरातच संपते. दुसऱ्या दिवशी तो जकातीच्या नाक्यावर जाऊन काय बोलला, हाताखालच्या माणसांना कसं समजावलं, रोमी अधिकाऱ्याने त्याला ठेवला की काढला, हे लूक सांगत नाही. ख्रिस्ती म्हणून जगायचं म्हणजे तिथून पुढचं जगायचं, असं मला वाटतं. तिथे कोणी वाट आखून ठेवलेली नाही, आणि टाळ्याही नाहीत.

शनिवारी रात्री पंचांच्या बैठकीत त्याने सांगितलं की छपराचे पैसे आता माझ्यापाशी नाहीत, होते तेही माझे नव्हते. पंच नाराज झाले. एक म्हणाला, गरिबांना द्यायचं तर निम्मं द्यायचं होतं, देवाच्या घराला दिलेला शब्द मोडू नये. पाळकसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी याकोबाचं पत्र उघडलं आणि मजुरी अडकवून ठेवलेल्या कापणी करणाऱ्यांची हाक देवाच्या कानापर्यंत पोचते, हा भाग वाचून दाखवला. बैठक तिथेच उठली. त्या पावसाळ्यात मंडळीने ताडपत्रीखाली उपासना केली. पेटी भिजून तिचे दोन सूर बिघडले.

पुढल्या हंगामात त्याने दुखण्याचा आणि बाळंतपणाचा खाडा धरायचा नाही असं ठरवलं आणि तसं टोळीला सांगितलं. ओळखीच्या मुकादमांनी त्याला वेड्यात काढलं. दोन कोयत्यांनी दुखण्याचं निमित्त काढून दिवस बुडवले, टनेज घसरलं, त्याचं कमिशन कमी झालं. त्याला रागही आला. डिसेंबरात एकदा त्याने पुन्हा दंड लिहायला घेतला होता, पण मग त्या दोन्ही कोयत्यांना समोर बसवून बोलून तो विषय मिटवला. सात नंबरवाले त्याच्याकडे आले नाहीत; ते दुसऱ्या मुकादमाबरोबर गेले. बाकी फिटली होती, त्यांना जाता आलं.

हे वाचणाऱ्यांत मुकादम थोडेच असतील. पण आपल्या मंडळ्यांत ठेकेदार आहेत, दुकानदार आहेत. घरकामाला बाई ठेवणारे आहेत. शिक्षकाची सही एका रकमेवर घेऊन हातात दुसरी ठेवणाऱ्या संस्थांच्या समित्यांवर बसलेले आहेत. प्रत्येकाची कुठे ना कुठे एक वही आहे, आणि ती धंद्याच्या रिवाजाप्रमाणे अगदी बरोबर लिहिलेली आहे. माझी विनंती एवढीच, की येत्या उत्तम शुक्रवारी देवळात जाण्याआधी ती वही घरातल्या कुणापुढे तरी मोठ्याने वाचा, आणि नंबर आला की थांबून माणसाचं नाव घ्या.