दोष कोणाचा, कीं कर्तव्य कोणाचें?

मूल बहिरें जन्मलें, म्हणजे गांवांत पहिला प्रश्न उठतो: हा दोष कोणाचा? कोणी म्हणतात, आईनें ग्रहण पाळलें नाहीं. कोणी बापाचीं पापें मोजतात. आमच्या मंडळ्यांतही हे शब्द आम्हीं ऐकले आहेत, आणि ते ऐकून मान खालीं घालणारी आईही पाहिली आहे. म्हणून, प्रिय वाचकहो, अशा प्रसंगीं कोणता प्रश्न विचारणें योग्य, याचा आज विचार करूं.

ऑस्ट्रेलिया देशांतील ग्रॅम क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते होते, व त्यांस ऐकूं कमी येत असे. त्यांची अडचण मुलानें लहानपणापासून पाहिली. त्या दुःखांतून त्याच्या मनांत जो प्रश्न रुजला तो हा, कीं यावर काय करितां येईल? पुढें ते कर्णरोगांचे शस्त्रवैद्य झाले, आणि १९७० सालीं मेलबर्न विद्यापीठांत प्राध्यापक झाले.

कानाच्या आंत गोगलगाईच्या शंखासारखी वळणावळणाची पोकळी आहे. तींतील नाजूक पेशी मेल्या, म्हणजे नाद मज्जातंतूपर्यंत पोहोंचत नाहीं. त्या वळणांत बारीक तारा घालून विजेनें मज्जातंतूस जागें करावें, असा क्लार्क यांचा बेत होता. पुष्कळ विद्वानांस तो अशक्य वाटला. तारा तर पुरेशा आंत जाईनात! १९७७ सालीं समुद्रकांठीं असतां त्यांनीं एका शंखांत गवताचीं पातीं सारून पाहिलीं. टोंकाशीं लवचिक व बुडाशीं ताठ असलेलें पातें वळणें घेत आंत गेलें, आणि वाट सांपडली. १ ऑगस्ट १९७८ रोजीं त्यांनीं एका बहिऱ्या गृहस्थाच्या कानांत तें यंत्र बसविलें.

कोणी म्हणतील, जें वांट्यास आलें तें निमूटपणें सोसावें. आपलें दुःख सोसणें हा धीर खरा. परंतु उपाय असतां दुसऱ्यास सोसूं देणें हा धीर नव्हे.

तथापि यंत्रानें माणसाची योग्यता वाढते असें कोणी समजूं नये. हातांच्या खुणांची भाषा हीही पूर्ण भाषा आहे, आणि ती बोलणारा आपल्याहून उणा नाहीं. शिवाय यंत्र बसविल्यावरही वाणी शिकण्यास दीर्घ काळ अभ्यास करावा लागतो.

या यंत्राची किंमत लाखांच्या घरांत जाते; परंतु भारत सरकारच्या योजनेंतून गरीब घरच्या लहान मुलांस तें मिळूं शकतें. मुंबईस वांद्रें येथें या कामाची राष्ट्रीय संस्था आहे. मात्र जन्मतः बहिऱ्या मुलास पहिल्या थोड्या वर्षांतच हा लाभ अधिक होतो. आणि तींच वर्षें आपण कशांत घालवितों? लाजेनें मूल लपविण्यांत, व दोष कोणाचा हें ठरविण्यांत! म्हणजे तो प्रश्न केवळ निष्ठुर नाहीं. तो मुलाची वेळ चोरतो.

यास्तव, उपदेशक बंधूंनो, घरोघर जातां तेव्हां मोठ्या आवाजानेंही न दचकणारें बाळ दिसल्यास त्याच्या आईस धीर द्या, आणि त्याच आठवड्यांत तिच्याबरोबर जिल्ह्याच्या रुग्णालयाची वाट धरा.